फ्रिजवरच्या डब्याची भानगड

ऐकलंत का? बी विंगमधल्या त्या सुनेनं उपम्यात पावडर घातली. सासूबाईंच्या देखत. आणि सासूबाईंनी उपमा दुसऱ्यांदा मागून घेतला! शिव शिव!

अहो, एक काळ होता, पोराच्या कपाटात ‘पावडर’ सापडली की पोरगं हातचं गेलं असं समजायचे. आई डबा हुंगून बघायची, बाबा केमिस्टकडे हळूच चौकशी करायचे आणि रविवारी मामाला जेवायला बोलावून ‘याला जरा समजाव’ म्हणायचे. आता बाबाच सकाळी फिरून आले की शेकर खळाखळा हलवतात. तो काळा, चकचकीत डबा फ्रिजवर विराजमान, लेबल पाहुण्यांच्या दिशेला. रिकामा झाला तरी टाकायचा नाही. त्यात तांदूळ भरायचे, म्हणजे भांडीवाल्या मावशींपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं, या घरी व्हे प्रोटीन घेतात.

बाजारानं तर ताळतंत्रच सोडलंय. अमूलचं ताक प्रोटीनचं, लस्सी प्रोटीनची. 2025 मध्ये मॅकडोनाल्ड्सनं म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना हाताशी धरून बर्गरमध्ये सरकवायची पाच ग्रॅम प्रोटीनची चकती काढली. वडापाव तेवढा अजून वाचलाय. किती दिवस, ते विचारू नका.

पण खरी भानगड पुढेच आहे. या डब्यातल्या स्वारीचं कुळ काय, माहितीये? निवळी, म्हणजेच व्हे! चक्का टांगला की फडक्यातून जे पिवळसर पाणी ठिबकतं, पनीर केल्यावर जे आपण बेसिनमध्ये ओततो, ते. दुधातल्या प्रोटीनचा साधारण 80 टक्के भाग केसीन, तो चीजमध्ये जातो; उरलेला 20 टक्के या पाण्याबरोबर वाहून जायचा. किलोभर चीज केलं की नऊएक लिटर निवळी उरते. युरोप-अमेरिकेतल्या चीजवाल्यांनी वर्षानुवर्षं ती डुकरांना पाजली, शेतात सोडली, नद्यांत ओतली. नदीत ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, मासे मरायला लागले. सरकारांनी डोळे वटारले, तेव्हा कुठे या पाण्याचं काहीतरी करायला हवं असं सगळ्यांना वाटायला लागलं. मग इतक्या बारीक छिद्रांचे पडदे आले की पाणी, दुधातली साखर, क्षार निसटतात आणि प्रोटीन मागे अडकतं. ते गरम हवेत फवारलं की पावडर. 80 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असलं तर कॉन्सन्ट्रेट, 90 वर गेलं की आयसोलेट. म्हणजे भाऊ सख्खेच, पण धाकटा परदेशात शिकून आलेला. डुकरांच्या कुंडातून उठलेली ही मंडळी आज किलोमागे हजारो रुपये घेतात. आणि हे सगळं सातासमुद्रापारच चालतं असंही नाही. आपल्या मंचरला पराग मिल्क फूड्सचं चीज होतं, आणि त्याच कंपनीची व्हे पावडर ‘अवतार’ नावानं व्यायामशाळांत जाते.

हे ऐकून चक्क्याचं पाणी घटाघटा प्यायला धावू नका हं. त्यात व्हे प्रोटीन टक्काभरही नसतं. एका स्कूपमधल्या 24-25 ग्रॅमसाठी तीन-साडेतीन लिटर पोटात ढकलावं लागेल.

सोवळ्याचा मामला तर आणखी नाजूक. चीजसाठी दूध साकळायला रेनेट लागतं, आणि ते पूर्वी वासराच्या जठरातून काढत. अब्रह्मण्यम्! हल्ली बरंचसं रेनेट सूक्ष्मजीवांकडून करून घेतात आणि डब्यावर हिरवा ठिपका असला की झालं. पण ए विंगमधल्या आजोबांच्या कानावर हे कुणी घातलं कोण जाणे, ते आता ठिपका भिंगातून तपासतात. आषाढीला वेगळाच पेच. पावडर दुधाचीच, तेव्हा उपासाला चालते, असा निकाल लागत आला होता. तेवढ्यात कुणीतरी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. सोया लेसिथिन! सोयाबीन, आणि एकादशीला? ही सगळी चर्चा साबुदाण्याची खिचडी खात झाली बरं का. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. खिचडीची अब्रू राखली ती दाण्याच्या कुटानं.

पाककौशल्याचं तर बोलायलाच नको. कडकडीत चहात स्कूप टाकला की गुठळ्या, थालीपिठात हात सैल सुटला की वातड. उष्णतेनं प्रोटीन ‘मरतं’ हे मात्र खोटं. त्याची घडी मोडते, पोषण तिथेच राहतं. ती बी विंगची सून पावडर आधी थंड दह्यात कालवते आणि गॅस बंद केल्यावर उपम्यात सोडते, म्हणून सासूबाईंना चवीत फरक जाणवला नाही. पोटाचं म्हणाल, तर कॉन्सन्ट्रेटमध्ये थोडं लॅक्टोज उरतं, आणि ते न पचणारे आपल्यात पुष्कळ. सकाळी आठच्या लिफ्टमध्ये हल्ली कुणी कुणाकडे बघत नाही, एवढंच बोलते.

आता जरा जवळ या. 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं बाजारातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, ‘मेडिसिन’ नावाच्या नियतकालिकात छापून आलं. सुमारे 70 टक्के डब्यांत लेबलवरचा आकडा आणि आतला माल जुळेना. काहींत तर कबूल केल्याच्या निम्माच. चलाखी अशी, की प्रोटीन मोजताना बहुधा नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून हिशेब काढतात. मग स्वस्तातलं ग्लायसीन किंवा टॉरीन मिसळायचं, नायट्रोजन भरतो, कागद गोरामोरा होत नाही. दुधात पाणी घालणारा आपला गवळी बिचारा उगाच बदनाम.

आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं त्याच वर्षीच्या आहार-मार्गदर्शिकेत प्रोटीन सप्लिमेंट टाळा म्हणून सांगितलंय. ‘बघा!’ म्हणत सासूपक्षानं लगेच सोसायटीच्या ग्रुपवर कात्रण टाकलं. पण त्याच संस्थेचा एक आकडा सोयीस्कर विसरले: किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या बाईला रोज 50 ग्रॅम. आता आपलं ताट मांडा. दोन पोळ्या, वाटीभर पळीवाढं वरण, भाताची मूद, भाजी: सगळं मिळून पंधराच्या आसपास. सकाळी पोहे, संध्याकाळी चहा-खारी आणि रात्री ‘मला काही नको, नुसता वरणभात’. कुठून भरणार पन्नास? इथे, कुणाला सांगू नका, पण माझं मत सुनेकडे झुकतं. संस्थेचं चुकलं नाही, डब्याशिवायही भरतंच. चार अंड्यांत 24 ग्रॅम, सुक्या बोंबलाचं तर निम्म्याहून जास्त वजन प्रोटीनचंच, शिवाय घट्ट उसळ आणि मूठभर फुटाणे. कोल्हापूरला गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. तालमीतला खुराक म्हणजे बदामाची थंडाई, तूप, मटण. तिथल्या वस्तादांपुढे ‘स्कूप’ म्हणून बघाच. पण ज्या घरात अंडं शिजत नाही आणि ज्या तोंडात उसळ चावायला दात नाहीत, तिथे वाटीभर दह्यात अर्धा स्कूप हे काही पाप नव्हे. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टर.

खरं लाजिरवाणं काय सांगू? डबा जातो कुणाच्या पोटात? ज्याचा दंड आधीच बाहीत मावत नाही त्याच्या. सत्तरीत स्नायू झिजतात, खुर्चीचे हात धरल्याशिवाय उठवत नाही, त्या आजीच्या पुढ्यात चहात बुडवलेलं मारी बिस्कीट. यावर ग्रुपवर कात्रण पडत नाही, मतदान होत नाही, काही नाही.

असो. ताजी खबर अशी, की सी विंगमधल्या परवाच्या लग्नात रुखवतात पाच फळं, कडबोळी, चकल्यांचा डोंगर आणि मधोमध आयसोलेटचा डबा, चॉकलेट स्वादाचा. वरपक्षानं मागितला नव्हता म्हणे. पण नवऱ्याच्या आत्यानं सगळ्यांसमक्ष तो उचलला, चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, ‘लेसिथिन सोयाचं की सूर्यफुलाचं?’