गाडीत जळका वास आल्यास दोष कोणाला द्यावा

गाडीत रबर जळाल्यासारखा वास येऊ लागला, की चालकाने सर्वप्रथम काच खाली करावी आणि पुढच्या ट्रककडे रागाने पाहावे. "त्याचे लायनर जळतायत," असे मोठ्याने म्हणावे. या उपचाराने गाडी बरी होत नाही, पण मागच्या सीटवरची चर्चा पाचेक मिनिटे लांबते. ट्रक मागे पडला आणि वास मात्र सोबत आला, तरच पुढचे वाचावे.

सरावासाठी खंबाटकी घाट उत्तम. जोडून सुट्ट्या आल्याचा शनिवार निवडावा. निम्मे पुणे महाबळेश्वरला निघालेले असते आणि गाड्या चढावर मुंगीच्या चालीने सरकत असतात. आमची गोष्ट नवे बोगदे व्हायच्या आधीची. तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागे आणि पुण्याकडे येताना बोगदा मिळे. हा तपशील लक्षात ठेवावा, शेवटी लागणार आहे.

"अहो, काहीतरी जळतंय," ही तक्रारीची अधिकृत नोंद समजावी. त्यानंतर सासूबाई डबे हुंगतात, मुले एकमेकांचे बूट हुंगतात आणि सासरे म्हणतात, "जावईबापू, आमच्या पद्मिनीला असा वास कधी आला नाही." यावर वाद घालू नये. पद्मिनी आता साक्षीला येत नाही.

गाडी बाजूला घ्यावी आणि वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटून वास घ्यावा. (गाडी उभी राहिल्यावरच डोळे मिटावेत.) वास गोडसर असेल तर कूलंट गळते आहे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, उकळते पाणी थेट तोंडावर येते. वास तेलकट असून निळसर धूर दिसत असेल, तर बहुधा टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले आहे आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकते आहे. प्लॅस्टिक जळाल्यासारखा झणझणीत वास म्हणजे वायरिंग. इथे मात्र विनोद बंद. इंजिन बंद करावे, सगळ्यांना उतरवून लांब उभे करावे आणि धूर निघत असेल तर बॉनेट उघडू नये. हवा मिळाली की आग भडकते.

वायरिंगचा विषय निघाला की उंदरांचा निघतोच. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर वायर कुरतडतात आणि इंजिनावर चिंध्यांचा संसार मांडतात. त्यावर बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. उंदरांवर तिचा परिणाम आम्हाला दिसला नाही. वॉचमन मात्र गाडीची काळजी घेऊ लागला.

आता खरोखर रबराच्या असलेल्या आरोपींकडे वळू. पहिला बेल्ट. एसी लावल्यावर वास आणि किंचाळणे वाढत असेल आणि बंद केल्यावर थांबत असेल, तर बेल्ट घसरतो आहे किंवा कॉम्प्रेसरचे बेअरिंग जाम होते आहे. इंजिन बंद करून बेल्ट पाहावा. भेगा पडल्या असतील किंवा तो काचेसारखा चकाकत असेल तर बदलावा. दुसरा टायर. डिकीत आठ बॅगा आणि मागे पाच माणसे असली की गाडी बसते आणि टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो. कोणाला उतरवायचे, हा प्रश्न तांत्रिक नसल्याने इथे घेतलेला नाही.

चाकांजवळ तळहाताची मागची बाजू न्यावी, टेकवू नये. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर ब्रेक जाम आहे. मागची दोन्ही तापली असतील, तर हँडब्रेक ओढलेला राहिला का, हे कोणी पाहत नसताना तपासावे आणि तसाच हळूच सोडावा.

एवढे सगळे निर्दोष सुटले की उरतो चालकाचा डावा पाय.

चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून आपण अर्धा क्लच सोडून, थोडा अॅक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर तोलून धरतो. ही कला आहे असे आपल्याला वाटते. आत काय होते? इंजिनाचे फ्लायव्हील फिरत असते, चाके थांबलेली असतात, आणि दोघांच्या मध्ये क्लचप्लेट नुसती घासत राहते. मोठ्या जावेच्या आणि सासूच्या मध्ये सापडलेल्या धाकट्या सुनेसारखी. प्लेटवर मुख्यतः तंतू आणि रेझिनचे अस्तर असते. ते तापून करपते आणि नाकाला वाटते टायर पेटला. उपाय फुकट आहे: गाडी थांबली की हँडब्रेक ओढावा, न्यूट्रल करावे, क्लचवरून पाय काढावा. पुढच्या गाडीने दोन हात जागा केली की लगेच ती भरायला धावू नये. दहा हात होऊ द्यावी. मागचा हॉर्न वाजवील. त्याचाही क्लच जळतोच आहे.

वास सुटलाच असेल तर पंधरा-वीस मिनिटे गाडी उभी करून थंड होऊ द्यावी. नंतर सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून पाहावा. इंजिन ओरडते, काटा चढतो आणि गाडी मात्र तेवढ्याच वेगाने चालते, असे झाले तर प्लेट संपली. मिस्त्री प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेटच टाकायला सांगतो. त्यावर घासाघीस करू नये, कारण प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी त्याचीच असते. "कोण चालवतं गाडी?" असे तो विचारील. "घरात सगळेच," असे सांगावे.

आम्ही घाटमाथ्यावर थांबलो, तेव्हा सासऱ्यांनी वाईच्या ढोल्या गणपतीसाठी आणलेला नारळ पुढच्या चाकापाशी फोडला. दोन दिवसांनी परतताना डिकीत स्ट्रॉबेरीची भर पडली होती, तरी बोगद्यातून गाडी न थांबता सुटली आणि वास अजिबात आला नाही.

"बघा, जावईबापू," सासरे म्हणाले. "नारळानं काम केलं."

अशा वेळी चालकाने तत्काळ होकार द्यावा आणि खोबऱ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकावा.