ग्राफिक्स कार्डावरच्या पंखोजीरावांना खुलं पत्र

श्रीमंत पंखोजीराव,
मुक्काम जुनं ग्राफिक्स कार्ड, सांगली.



साताऱ्याजवळ चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्यांची पाती ऊन, पाऊस, धुकं झेलत फिरतात. आपल्याला मात्र कॅबिनेटचं छप्पर, बारा व्होल्टची आयती वीज आणि काम एकच, हवा ढकलायची. तरी आपण थांबलात, तेही न सांगता! आपल्याला ताराच दोन, त्यामुळे किती फेरे घेता याचा पत्ता कॉम्प्युटरला लागायची सोयच नव्हती. आपल्या राजीनाम्याची बातमी लागली ती लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग चालू असताना, नवरीच्या शालूवर हिरवे चौकोन नाचू लागले तेव्हा.

आपल्या वतीनं धुळीकडे बोट दाखवलं जातं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची पूड आणि उसाच्या हंगामात कारखान्यांतून उडणारी काजळी आपल्याच पात्यांवर बसते, मान्य. पण धूळ ब्रशनं निघते. आपल्या बेअरिंगमधलं तेल सुकून चिकट झालं, त्यात हळदीचा काय दोष? स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, तर थोडे दिवस गुणगुणलात आणि पुन्हा संपावर गेलात.

मागे राहिली बिचारी चिप. स्लॉटमधून अशा कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते आणि तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. हीटसिंकच्या पट्ट्या ती उष्णता पसरवतात, पण हवाच हलली नाही तर ती जाणार कुठे? चिप तापते, निवते, पुन्हा तापते आणि त्या ओढाताणीत खालचे सोल्डरचे सांधे तडकतात. २००८ साली लॅपटॉपमधल्या सदोष चिपा निकामी होऊ लागल्या, तेव्हा एनव्हिडियाला वॉरंटी आणि दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. उष्णतेची थट्टा महागात पडते ती अशी.

म्हणून आपल्याला हीटसिंकसकट निवृत्त केलं. पुश पिनांची टोकं पक्कडीनं दाबली, पिना सुटल्या, आपण मात्र हटेनात! थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली होती. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं असतं तर चिपचा कोपराच उडाला असता. कार्ड कोमट करून हलक्या हातानं डावीउजवीकडे पिळलं, तेव्हा कुठे खुर्ची सुटली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी तांदळाच्या दाण्याएवढीच ठेवली. नवा हीटसिंक घेण्याआधी भोकांमधलं अंतर मोजावं लागलं, कारण आपल्या खानदानात एकाची भोकं दुसऱ्याला जुळतील याची हमी नाही. आपल्या पत्र्याखाली झाकलेल्या मेमरी चिपा उघड्या पडल्या, त्यांना वेगळे छोटे हीटसिंक चिकटवले.

दुरुस्तीची खरी रीत आमच्याच मुलखात आहे. १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर, आज पंपांसाठी ओळखली जाणारी किर्लोस्करवाडी उभी राहिली.  या पट्ट्यातल्या कुठल्याही फिटरला विचारा, पंपाचं बेअरिंग गेलं तर बेअरिंग बदलतात, विहीर बुजवत नाहीत. आपल्या जन्मदात्यांची अक्कल याच्या पुढची! जो भाग सगळ्यात आधी झिजणार, तोच सगळ्यात स्वस्त घ्यायचा, उघडता येणार नाही असा बंद करायचा आणि सुटा विकायचाच नाही. कोट्यवधी ट्रान्झिस्टरांच्या ठणठणीत चिपचा जीव थेंबभर तेलावर टांगायचा आणि वर सल्ला द्यायचा, ‘कार्ड जुनं झालं, नवीन घ्या.’

नव्या हीटसिंकवर आता आठ सेंटिमीटरचा साधा पंखा आहे, चार स्क्रूंवर बसवलेला, कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारा. तोही कधीतरी दगा देईल. त्या दिवशी पंखा बदलू, कार्ड नाही.

आपल्याला नवी नोकरी शोधताना शिफारसपत्र लागलं तर संकोच करू नका. मजकूर तयार आहे: ‘उमेदवार शेवटपर्यंत जागेला चिकटून होते. कामाखेरीज त्यांनी काहीही सोडलं नाही.’

आपला,
एक तापलेला ग्राहक