एका खुणेचा हिशेब

फंडाच्या कचेरीसमोर टेबल टाकून बसणारे एजंट यांस,

तुमचे नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिणार नाही. तुमच्यासारखी टेबले गावोगावी आहेत आणि हे पत्र त्या प्रत्येक टेबलापर्यंत जायला हवे.

माझे वडील, आण्णा, तुमच्याकडे दोनदा आले. २००८ मध्ये आणि २०१३ मध्ये. दोन्ही वेळा तुम्ही त्यांना एकच वाक्य ऐकवलेत : "मेल्यावर मिळणाऱ्या पेन्शनचं काय करायचंय? आज हातात पडतंय ते घ्या." आण्णांनी घरी येऊन ते वाक्य आम्हाला जसेच्या तसे सांगितले. माणूस व्यवहारातला आहे, असे त्यांचे तुमच्याविषयी मत झाले होते.

२०१९ च्या फेब्रुवारीत आण्णा गेले. वय ५३. मेल्यावर पेन्शनचे काय करायचे, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून माझ्या घरात आहे. आईने त्या पैशांतून रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या असत्या. लाइटबिल भरले असते. नातवाच्या हातावर खाऊला दहा रुपये ठेवताना तिला आधी माझ्याकडे बघावे लागले नसते. माणूस गेल्यावर जी लागते, तीच तर कुटुंबाची पेन्शन. तुम्ही तिची टवाळी केलीत आणि त्या टवाळीवर दलाली घेतलीत.

आता हिशेब मांडते. तुम्हाला तो पाठ आहे, पण आण्णांना कधी सांगितला नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर मांडते.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली. कामगाराच्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के सगळे त्याच्या फंडात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि त्यात केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. नोकरीची दहा वर्षे भरली की ५८ व्या वर्षापासून महिन्याला पेन्शन. ही दहा वर्षे एकाच कारखान्यात भरायला हवीत असे नाही. इथली सहा आणि तिथली चार मिळूनही दहाच होतात.

आण्णांची नेमकी तशीच होती. पहिल्या फाउंड्रीत सहा वर्षे आणि दुसऱ्या फाउंड्रीत चार वर्षे काही महिने. मोल्डिंगला उभे राहून, भट्टीची धग खात मिळवलेली दहा वर्षे. तुम्ही त्यांचे दोन तुकडे केलेत.

कसे केलेत, तेही सांगते. नोकरी सुटल्यावर भरायचा १० सी फॉर्म एकच असतो, पण त्यात दोन वाटा असतात. एक, पेन्शनचे पैसे काढून घेणे. दुसरी, स्कीम सर्टिफिकेट घेणे, म्हणजे झालेल्या नोकरीची वर्षे सरकारी कागदावर जपून ठेवणे आणि पुढच्या नोकरीत जोडून घेणे. ते सर्टिफिकेट जवळ असताना माणूस ५८ च्या आत गेला, तर दहा वर्षे भरलेली नसली तरी त्याच्या कुटुंबाला पेन्शन मिळू शकते. खूण कुठे करायची, एवढाच प्रश्न होता. दोन्ही वेळा तुम्ही कोऱ्या फॉर्मवर आण्णांची सही घेतलीत आणि खूण नंतर स्वतःच्या पेनाने केलीत. २००८ मध्ये तर आण्णा आठवड्याभरात नव्या कारखान्यात रुजू झाले होते. फंड काढता यावा म्हणून तुम्ही त्यांना कागदावर दोन महिने बेकार बसवलेत. खात्याची बदली करण्याचा फॉर्म त्याच कचेरीत फुकट मिळत होता. त्यात तुम्हाला काही सुटणार नव्हते, म्हणून तो तुमच्या टेबलावर कधी दिसला नाही.

पेन्शन मोडून आण्णांना दोन्ही वेळचे मिळून पासष्ट हजारांच्या आसपास मिळाले. तुमचा दर हजाराला शंभर. म्हणजे तुम्ही साडेसहा हजार नेलेत. त्या काळी पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराची कमाल मर्यादाही साडेसहा हजारच होती. आण्णांचा एक पूर्ण महिना तुमच्या खिशात गेला.

ती दहा वर्षे अखंड राहिली असती, तर आईला महिन्याला किमान हजार रुपये मिळाले असते. १ सप्टेंबर २०१४ पासून तो किमान आकडा ठरलेला आहे. पासष्ट हजार म्हणजे पासष्ट महिने. आण्णांना जाऊन पासष्ट महिने केव्हाच उलटले. सहासष्टाव्या महिन्यापासून तिच्या मरणापर्यंतचा प्रत्येक हजार रुपया तुम्ही केलेल्या खुणेने गिळला आहे. आई आत्ता ५६ वर्षांची आहे. तिने शंभरी गाठावी अशी माझी इच्छा आहे, आणि त्या इच्छेबरोबर तुमच्या नावावरची रक्कमही वाढत जाणार आहे.

तुम्ही म्हणाल, हजार रुपये ही काय रक्कम झाली? तुटपुंजी आहे, मान्य. म्हणून तर बुलढाण्यासारख्या ठिकाणी म्हातारी माणसे वर्षानुवर्षे उपोषणाला बसली आणि किमान साडेसात हजार पेन्शन मागत राहिली. त्यांची लढाई मला माझी वाटते. पण उद्या तो आकडा वाढला, तर ज्यांची पेन्शन चालू आहे त्यांचीच वाढेल. माझ्या आईच्या शून्यात कोणतेही सरकार भर घालू शकणार नाही.

तुम्ही असेही म्हणाल की कामगारालाच पैशांची घाई असते. घाई होती. छप्पर गळत होते. पण छपरासाठी आण्णांचा स्वतःचा फंड होता, तो वेगळा निघाला आणि त्यात नवे पत्रे पडले. पेन्शन मोडून आलेले पैसे कशात गेले, हे आज आमच्या घरात कोणालाही आठवत नाही. गरज फंडात भागत होती. पेन्शन मोडण्याची गरज फक्त तुम्हाला होती.

आणि आण्णा एकटे नव्हते. आमच्या गल्लीतल्या मावशी पॅकिंगला होत्या. नोकरी नऊ वर्षे तीन महिने. सहा महिने किंवा त्याहून जास्त भरले की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नऊ वर्षे सहा महिन्यांना त्यांची दहा झाली असती. "अजून तीन महिने थांबा," एवढे सांगायला तुमचे काय गेले असते? पण दहा वर्षे बसली की पैसे काढता येत नाहीत, पेन्शनच घ्यावी लागते, आणि तुमची दलाली बुडते. तुम्ही मावशींना घाई केलीत. मावशी आज लोकांच्या घरी भांडी घासतात.

पलीकडच्या वस्तीतली एक मुलगी सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. नवऱ्याची नोकरी जेमतेम दोन वर्षांची. "दहा वर्षं कुठं झालीत, पेन्शन बसत नाही," असे सांगून तुम्ही तिचा फक्त फंड काढून दिलात. दहा वर्षांची अट जिवंत कामगाराच्या म्हाताऱ्या वयाच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला, तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन आहे. दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाची २५ वर्षे होईपर्यंत. शिवाय फंडाशी जोडलेला विमा आहे, त्याची कमाल रक्कम आज ७ लाख आहे. तिचे कागद मी तिच्याबरोबर बसून भरले : पेन्शनचा १० डी, विम्याचा ५ आयएफ. कचेरीतल्या माणसांनी नीट मदत केली. एक रुपया लागला नाही. आज तिच्या आणि दोन्ही लेकरांच्या नावाने पेन्शन जमा होते.

तेव्हापासून मी दर रविवारी आमच्या चौकातल्या मंडळाच्या खोलीत बसते. जे तुम्ही दडवता ते सांगते. नोकरी बदलली तर पेन्शन मोडू नका, पुढच्या खात्याला जोडा. दहा वर्षे भरली असतील तर ५० पासून पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कापले जातात आणि ती कपात जन्मभराची असते. उलट ५८ नंतर ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढतात. पेन्शनर गेला तर त्याच्या पेन्शनची निम्मी पत्नीला मिळते, म्हणून तिचे नाव, तिची जन्मतारीख आणि दोघांचा फोटो आजच कागदावर नीट घाला. हयातीचा दाखला वर्षातून एकदा, कोणत्याही महिन्यात, फोनवरूनही देता येतो. यातल्या एकाही गोष्टीला एजंट लागत नाही.

आता माझी मागणी. मला तुमची माफी नको आणि साडेसहा हजारही नकोत. काढून घेतलेली वर्षे परत जोडता येत नाहीत. पण तुमच्या ड्रॉवरमध्ये लाल पुठ्ठ्याची वही आहे. नाव, कारखाना, तारीख, फोन नंबर आणि घेतलेली दलाली, सगळे तुम्ही त्यात लिहिता. त्यातली कितीतरी माणसे अजून ५८ च्या आत आहेत. कुठे ना कुठे कामाला आहेत आणि नवी वर्षे साठवत आहेत. नोकरी सुटली की ती परत तुमच्याकडेच येणार, कारण त्यांना दुसरे दार माहीत नाही.

ती वही उघडा. एकेकाला फोन करून सांगा की मी तुम्हाला अर्धेच सांगितले होते, यापुढची वर्षे मोडू नका. २००८ च्या पानावर आण्णांचे नाव सापडेल. तो नंबर आता लागणार नाही. त्याच्या खालच्या नावापासून सुरुवात करा.

आण्णांची मुलगी