लिंबूटिंबूंचं राज्य

बालवाडी सुटली की मुलाला दारातच गाठून "आज काय शिकवलं बाईंनी?" असं विचारायची आपल्याकडे रीत आहे. मुलाचा एक बूट पायात असतो, दुसरा हातात. डबा अर्धा उघडा. तशा अवस्थेतही ते खरं तेच सांगतं, "काय नाय. खेळलो." आईवडिलांचा चेहरा उतरतो, कारण फी वर्षाची भरलेली असते.

मूल खेळलं हे ऐकून आपल्याला आनंद होतो तो फक्त तापातून उठल्यावर. डॉक्टरांपुढे आपण काकुळतीनं सांगतो, "कालपासून खेळतच नाहीये हो." आणि ते बरं होऊन खेळायला लागलं की दोन दिवसांत, "नुसतं खेळायला हवं, अभ्यास नको!" वय वर्षं चार. अभ्यास म्हणजे रेघोट्या.

आता आपण सुधारलो आहोत, नाही असं नाही. खेळण्यांच्या खोक्यावरच छापलेलं असतं : हाताच्या बारीक स्नायूंचा विकास, एकाग्रता, गणिती विचार. आत असतात ठोकळे. मूल ते ठोकळे बाजूला ठेवून खोक्यात जाऊन बसतं, ही गोष्ट वेगळी. "खेळातून शिक्षण" हे बोर्डावर लिहायला छान वाक्य आहे, खरंही आहे. पण माझा अनुभव असा की पुष्कळ ठिकाणी ते गुळात लपवून दिलेल्या कडू गोळीसारखं असतं आणि मुलं गूळ खाऊन गोळी बरोबर थुंकतात. झुकझुक गाडी म्हणून रांगेत उभं करायचं आणि डब्यांना पाढे म्हणायला लावायचे! असली गाडी कुठल्या स्टेशनात थांबते हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं.

शिशुशिक्षणाची खरी पक्की व्यवस्था मला दिसते ती आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. तिला ना संचालक, ना गणवेश. तिथे संध्याकाळी लपाछपी चालते आणि साडेतीन-चार वर्षांचं जे कोणी असेल ते लिंबूटिंबू असतं. म्हणजे खेळात पूर्ण, पण राज्यातून माफी. परवा असंच एक लिंबूटिंबू खांबामागे लपलं होतं. खांब वीतभर, पोट बाहेर, एक हात बाहेर आणि त्या हातात बिस्किट. राज्य असलेला आठवीतला मुलगा त्याच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कुठे गेला रे हा? सापडतच नाही." खांबामागून फुसफुस हसण्याचा आवाज. आठवीतले गृहस्थ गंभीरपणे स्कूटरच्या सीटखाली बघू लागले. मागून बिस्किटाच्या हाताचा धप्पा बसला. धप्पा लिंबूटिंबूचा, म्हणून आठवीतल्यावर पुन्हा राज्य नाही; पण शर्टावर डाग पडला तो राहिलाच.

हे त्या मुलाला कोणी शिकवलं? त्याचं बी.एड. झालेलं नाही. लहानाला बरोबर घ्यायचं, त्याला हरवायचं नाही आणि तरी तो खरोखर खेळतोय असं त्याला वाटू द्यायचं, हे तीन धागे एका हातात धरणं सोपं काम नव्हे. पुढे काही महिन्यांनी ते लिंबूटिंबू आपण होऊनच पाय आपटतं, "मला पण राज्य पाहिजे." मग त्याची परीक्षा होते. "शंभरपर्यंत येतात का?" "एक, दोन, पाच, अठ्ठावीस, शंभर!" पंचमंडळ एकमेकांकडे बघतं आणि पास करतं. शाळाप्रवेशासाठी मुलांना किंवा त्यांच्या पालकांना अशी चाळणी लावायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी केली. पार्किंगमध्ये तेवढी कायदेशीर हिंमत आधीपासूनच आहे.

मुलांची ही रीत ओळखून तिच्यामागून चालणारी मोठी माणसं आपल्याकडे होऊन गेली. भावनगरला गिजुभाई बधेकांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये बालमंदिर काढलं. लोक त्यांना "मूछाळी मा", मिशावाली आई, म्हणत. राजकोटचं कॉलेज सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांच्याकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. इथे थांबल्या असत्या तरी ताराबाईंचं नाव झालंच असतं. पण त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

माँटेसरीबाईंची साधनं सुबक, पण खर्चिक. बोर्डीला शिंपले होते, बिया होत्या, पानं आणि खडे होते. एवढं पुष्कळांना सुचलं असतं. मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा या बायकांनी हजेरीपट घेऊन आरडाओरडा केला नाही. त्यांनी कारण शोधलं. मुलं येत नव्हती कारण ती अंगणात होती. मग बालवाडीच अंगणात भरवली. १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर बिऱ्हाड हललं तेव्हा वारली पाड्यांवरची मोठी मुलगी कडेवर धाकटं भावंड घेऊन फिरत होती, तिला शाळेत बोलावणार कसं? तर धाकट्याला पाळणाघर, मधल्याला बालवाडी, तिला शाळा, सगळं एकाच आवारात. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणावर गेली. हे सगळं मला लिंबूटिंबूच्या कायद्याचंच कलम वाटतं : तुला आमचे नियम झेपत नसतील तर नियम थोडे सरकतील, तू खेळाबाहेर जाऊ नकोस.

त्या अंगणातल्या बालवाडीचं नाव पुढे देशभर झालं. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाड्या गावोगाव उघडल्या. आमच्या ओळखीच्या एका अंगणवाडीत खेळणी छान आली होती. ती कपाटात होती, प्लॅस्टिकसकट. सेविकेचा नाइलाज होता. खेळणी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली, मोडली तर हिशेब कोण देणार? बिचारी म्हणाली, "साहेब येतात तेव्हा काढतो ना बाहेर." साहेबांना कितपत खेळता आलं ते कळलं नाही. मुलं तोवर कपाटाच्या दाराला ढोलकं करून वाजवत होती.

खेळणं हा मुलांचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात १९८९ साली, कलम ३१ मध्ये, लिहून ठेवलं आहे. विश्रांतीचाही आहे. भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत तो अजून यायचा आहे, कारण फाटकाजवळच्या पाटीवर "आवारात खेळण्यास सक्त मनाई" तशीच आहे. लगोरीच्या सात चपट्या दगडांचा ढीग त्या पाटीखालीच असतो, तिथे सावली आहे म्हणून.

चांगली बाई मुलं खेळत असताना काय करते, हे बघण्यासारखं असतं. ती बहुतेक काहीच करत नाही. माझ्या परिचयातल्या एका बाईंच्या वर्गात दोन मुलींचं एका बादलीवरून जुंपलं. एकीला वाळू भरायची, दुसरीला पाणी. बाई जागच्या हलल्या नाहीत, फक्त डोळे तिकडे. ओढाताण झाली, थोडं रडणं झालं, आणि मग वाळूत पाणी पडलं. चिखल! दोघी भांडण विसरून कोपरापर्यंत बरबटल्या. बाईंनी नळाजवळ टॉवेल नेऊन ठेवला, एवढाच त्यांचा हस्तक्षेप.

याच बाईंच्या पालकसभेत दरवर्षी गृहपाठाची मागणी होते. यंदा फारच रेटा झाला, तेव्हा त्यांनी वहीत लिहून पाठवलं : "रविवारी मुलाला माती असेल तिथे न्यावे. एक खड्डा खणू द्यावा. मदत करू नये." रात्री दहाला पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "मॅडम, खड्डा किती खोल हवा?" पाठोपाठ दुसरा, "आम्ही दोन करून पाठवले तर चालेल का?"