चूलबंद आज्ञा

भाचीच्या लग्नाचे १,२४० फोटो एका पेनड्राइव्हमधून माझ्याकडे आले. सोबत ताईचा निरोप: "नीट लावून दे. तू कम्प्युटरमधला ना!" बायको म्हणाली, "रोज शंभर केलेस तरी पंधरवड्यात होतील." मी हसलो. युनिक्स येणारा माणूस एका ओळीत होणाऱ्या कामासाठी हात झिजवत नाही. त्या एका ओळीसाठी दोन रात्री जागतो.

१९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा संसार मांडला, तेव्हा टेलिटाइपवर एकेक अक्षर खडखडत उमटायचं. म्हणून आज्ञाही अक्षरं मोजून: हलवायला 'एमव्ही', नकलेला 'सीपी', पुसायला 'आरएम'. बोलणं तुटक, आणि काम नीट झालं तर बोलणंच नाही. थेट आमच्या अण्णांसारखं. पहिला नंबर आला की गप्प. सातवा आला की तोंड उघडणार.

पुष्कळ फाइलींना एकदम बोलवायचं तर स्टार, म्हणजे ती चांदणी, टाकायची. हे आपलं चूलबंद आमंत्रण. कोण कोण येणार ते लिहायचं नाही, सगळं घरच येतं. मात्र माणसं मोजतं ते शेल, म्हणजे आपली आज्ञा वाचून पुढे धाडणारा प्रोग्रॅम. आज्ञेला चांदणी दिसतच नाही. तिच्या हातात थेट नावांची यादी पडते. हे लक्षात ठेवा, पुढे विहीणबाई येणार आहेत.

यादी फारच लांबली तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून सगळं वऱ्हाड दारातूनच परत जातं. मग 'फाइंड'नं फाइली शोधायच्या आणि 'एक्सआर्ग्स'च्या हवाली करायच्या. हा पंगतीवरचा मुकादम. मांडवात मावतील तेवढ्यांना बसवतो, ती पंगत उठली की दुसरी.

आमचं घोडं पेंड खायला लागलं ते मोकळ्या जागेवर. 'मामा मामी' ही एकच फाइल. मुकादमानं मधली जागा पाहिली आणि मामांना एका पानावर, मामींना दुसऱ्या पानावर बसवलं. चाळीस वर्षांचा संसार स्पेसबारनं मोडला. वर तक्रार, की मामा नावाचं इथे कोणी नाही! यावर उतारा म्हणजे 'फाइंड'ला 'प्रिंट झिरो' आणि मुकादमाला 'झिरो' सांगायचं: दोन नावांच्या मध्ये 'नल' हे अक्षर येतं, जे फाइलीच्या नावात कधी असूच शकत नाही. हातानं नाव लिहिताना भोवती अवतरणचिन्हं घालायची. तीच उपरण्या-शेल्याची गाठ.

एवढं ज्ञान झाल्यावर शहाण्यासारखं ठरवलं, आधी छोट्या फोल्डरवर तालीम करावी. 'व्याहीभोजन'मध्ये दोनच फोटो होते. ते दुसरीकडे हलवायचे म्हणून 'एमव्ही' लिहिलं, चांदणी टाकली. कुठे हलवायचे ते लिहिणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोट एंटरवर पडलं.

शेलनं यादी केली: ताई, विहीणबाई. एमव्हीनं ती वाचली: ताईला विहीणबाईंच्या जागी बसवा. बसवलं. आणि युनिक्स गप्प. 'विहीणबाई' उघडून पाहिलं, तर आत ताई श्रीखंड खात होती. विहीणबाईंचा पैठणीतला एकुलता एक हसरा फोटो गेला तो गेलाच. इथे कचरापेटी नाही, मी काम मूळ पेनड्राइव्हवरच करत होतो आणि फोटोग्राफरनं कार्ड पुसून पुढची दोन लग्नं उरकली होती.

लग्नात कुणी रुसलं नव्हतं; ती कसर मी भरून काढली. शेवटी पेढे घेऊन ताईबरोबर विहीणबाईंच्या घरी गेलो. चांदणी, शेल, यादी, सगळं समजावलं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्या त्या युनिक्सकडे पाहुण्याला पानावरून उठवण्याआधी विचारायची रीतच नाही?"

"आहे ना," मी म्हणालो. "एमव्हीच्या पुढे आय लिहिली, की ते आधी विचारतं."

विहीणबाईंनी पेढ्यांचा बॉक्स ताईकडे सरकवला. "ऐकलंत, विहीणबाई? रीतभात सांभाळायला शेवटी आयच लागते."