विक्रेत्याची सत्यनिष्ठा

पुण्यामुंबईकडे जुनी सदनिका विकावयास काढणाऱ्या मालकाची सत्यनिष्ठा किती जाज्वल्य असते, हे पाहावयाचे असेल, तर त्याने जाहिरातीस जोडलेली छायाचित्रे अवलोकावीत. ऐवज कोट्यवधींचा, परंतु दिवाणखान्याच्या अग्रभागी दोरीवर वाळणारा परकर, ओट्यावर रात्रीची खरकटी भांडी, न्हाणीघराच्या आरशात बनियनवर उभे असलेले, मोबाइलच्या फ्लॅशच्या झगमगाटाने मस्तकच लोपलेले खुद्द मालक, आणि ज्या ‘प्रशस्त’ शयनगृहासाठी अधिक रकमेची अपेक्षा, त्याचे चित्र मात्र आडवे, म्हणजे खरेदीदाराने एकतर मान वाकडी करावी, नाहीतर बेत रहित करावा.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याचे कलम १२ जाहिरातीतील असत्य विधानाने झालेल्या नुकसानीची भरपाई प्रवर्तकाच्या माथी मारते. बिल्डरच्या चित्रांतील निळ्याशार तलावांवर हा उतारा रास्तच. परंतु सत्याचाच असा अतिरेक करणारा गृहस्थ कायदेकर्त्यांच्या ध्यानी आला नसावा. दलालाकडे तक्रार करावी, तर तो निर्विकारपणे म्हणतो, “साहेब, फोटोवर जाऊ नका, प्रत्यक्षात फ्लॅट याहून पुष्कळ बरा आहे, टोकन कधी देताय?”