अहवाल अवलोकनार्थ सादर

बालगृहाचा तपासणी अहवाल हा कायद्याने घाईघाईत लिहून घेतला जाणारा आणि लोकांना क्वचितच दिसणारा सरकारी कागद होय. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. समितीत किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्यात, कार्यवाही महिन्यात, पुढे अनुपालन अहवाल राज्य शासनाकडे. हे सगळे वेळापत्रक वर जाणाऱ्या कागदाचे आहे. खाली लोकांकडे येणाऱ्या कागदाला कलम ५४ मध्ये मुदतच नाही. त्यामुळे त्याला उशीर झाला, असेही म्हणता येत नाही.

भेटीच्या दिवशी अंगण झाडलेले असते, चादरींवर घडीच्या रेघा असतात, आहाराच्या तक्त्याची शाई ओली असते. शेरेबुकात ‘व्यवस्था समाधानकारक, तक्रारी निरंक’ अशी नोंद होते. एका टेबलावर जावक क्रमांक, दुसऱ्यावर आवक क्रमांक पडतो. त्रुटी आढळल्यास ‘पूर्तता करावी’ असे पत्र जाते आणि ‘पूर्तता करण्यात येत आहे’ असे उत्तर येते. मधल्या काळात प्रकरण प्रक्रियाधीन असते आणि प्रक्रियाधीन कागद कोणाला दाखवायचा नसतो.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार माहिती न मागता जाहीर करायची असते. तरीही रायगड जिल्ह्यातल्या गडब गावच्या रहिवाशाला जिल्ह्यातला अहवाल हवा असेल, तर दहा रुपयांचे शुल्क भरून अलिबागच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. तीस दिवस वाट पाहायची, मग पहिले अपील, मग दुसरे. नकाराला मुलांच्या गोपनीयतेचे कारण मिळते. मुलांची नावे झाकायला काळ्या शाईचे चार फराटे पुरतात; कार्यालये खबरदारी म्हणून अख्खा अहवाल झाकतात.

रायगड जिल्ह्यातच कळंबोलीच्या गतिमंद मुलांच्या वसतिगृहातील अत्याचार २०११ मध्ये उघड झाले, ते मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीमुळे. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावली. त्याच २०११ साली गडबवरून जाणाऱ्या पळस्पे-इंदापूर महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले आणि रखडत गेले, त्यामुळे सरकारी मुदत म्हणजे काय, हे गडबकरांना वेगळे शिकवावे लागत नाही. बिहारमध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ११० संस्थांची पाहणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात उघड झालेल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचारांप्रकरणी ३१ मे रोजी गुन्हा नोंदला गेला. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला ऑगस्ट उजाडला.

उपाय एका ओळीचा आहे: नावे वगळून अहवाल ठरावीक दिवसांत संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ही ओळ कायद्यात घालायची तर आधी समिती नेमावी लागेल आणि तिचा अहवाल यावा लागेल.